साहेबांच्या घरची प्रत

४ मार्च

प्रिय बटण,

डिस्क गेली. आज सकाळी साडेअकराला डिस्कवाल्याने नक्की सांगितलं. आतली चकती ओरखडली आहे, तिच्यावरचं काही म्हणजे काही निघणार नाही, आणि याहून मोठ्या दुकानात नेली तरी हेच ऐकायला मिळेल, असंही म्हणाला. मी तरी नेली. तिथल्या मुलीने ती जोडून कानाशी धरली, टिकटिक ऐकली आणि माझ्या हातात परत ठेवली.

कोणती डिस्क, ते सांगायला हवं. घरच्या कॉम्प्युटरला जोडायची ती काळी. तिच्यावर आईची रेकॉर्डिंग्ज होती. एकतीसच्या एकतीस.

सात वर्षांनी धाकट्या भावाला पत्र लिहायला बसले आणि सुरुवातच अशी झाली. फोन करता आला असता, तुझा नंबर बाबांच्या वहीत आहे. पण आई म्हणायची की रागावलेल्या माणसाला फोन करू नये, पत्र लिहावं; फोन मध्येच आपटता येतो, पत्र मात्र माणूस रागारागाने का होईना, शेवटपर्यंत वाचतो. अठ्ठावीस वर्षं कारखान्याच्या टेलिफोन बोर्डावर बसलेल्या बाईचं मत आहे, मानलेलं बरं.

तू आता विचारशील की मूळ फायली कॉम्प्युटरवर असतीलच ना. नाहीत. तीन वर्षांपूर्वी कॉम्प्युटर भरला आणि रांगायला लागला. म्हणून मी नवी डिस्क आणली, जपून ठेवायचं ते सगळं तिच्यावर हलवलं आणि कॉम्प्युटर मोकळा केला. हलवलं म्हणजे इथून उचललं आणि तिथे ठेवलं. मग डिस्कवर पांढरी पट्टी चिकटवून तिच्यावर ठळक अक्षरात लिहिलं, "बॅकअप". डिस्कवाल्याला ती पट्टी वाचून हसू आलं. त्याने ते आवरलं, पण मला दिसलं. "ताई, बॅकअप कशाचा? दुसरी कुठे आहे?" म्हणाला. मी प्रयोगशाळेत रोज दीडशे बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवते, प्रत्येकीवर दोन-दोन. चिठ्ठी चिकटवली की वस्तू तशी होते, असं मला वाटत असावं.

डिस्क आपोआप बंद पडली. अशा डिस्का पडतात म्हणे कधीकधी बंद.

सारखी ती संध्याकाळ डोळ्यांपुढे येते. ऑपरेशनला चार दिवस होते. स्वरयंत्र काढल्यावर आवाज राहणार नाही हे डॉक्टरांनी सांगून झालं होतं आणि घरात त्याबद्दल कोणी बोलत नव्हतं. तू कुठूनतरी उसना माइक घेऊन आलास, जेवणाच्या टेबलावर उशी ठेवून तिच्यावर तो आडवा केलास आणि म्हणालास, "आई, बोल." ती म्हणाली, "काय बोलू?" तू म्हणालास, "काहीही." त्यावर तिने पदर सारखा केला आणि तिचा बोर्डावरचा आवाज काढला. "नमस्कार, कोणाशी बोलायचंय? लाइन धरून ठेवा." हसून हसून आपली पुरेवाट झाली. ते एक नंबरचं रेकॉर्डिंग. नवव्यात ती बाबांना छत्री हरवल्याबद्दल बारा मिनिटं बोलते आहे, आणि ते मध्ये फक्त "बरं" म्हणतात. बाविसाव्यात नुसतं हसणं आहे, कारण तू खुर्चीवरून पडलास.

आणि शेवटची तीन. तिने आपल्याला खोलीबाहेर काढलं आणि दार लावून एकेकासाठी एकटीच बोलली. एकोणतीस बाबांसाठी, तीस माझ्यासाठी, एकतीस तुझ्यासाठी. "मी गेल्यावर ऐका, आधी ऐकाल तर बघा," म्हणाली.

एकतीस तू ऐकलेलं नाहीस. मी तुला ते दिलं नाही. आता ते कुठेच नाही.

ताई

५ मार्च

पाकीट अजून टेबलावरच आहे, म्हणून त्यातच हे टाकते.

दोन गोष्टी राहिल्या. एक, बाबांना मी सांगितलेलं नाही. डिस्क साफसफाईला दिली आहे असं सांगितलं. ते "बरं" म्हणाले. त्यांची तब्येत ठीक आहे. गुडघा दुखतो, काठी घेतात, भिंगाने पेपर वाचतात आणि त्यातल्या नकाशांना नावं ठेवतात.

दुसरी अशी की कॉम्प्युटरवर उरलंसुरलं आहे, घराची कागदपत्रं आहेत, फोटो आहेत. ते कसं जपायचं? डिस्कवाला एक सांगतो, प्रयोगशाळेतले लोक दुसरं. कोणी म्हणतं इंटरनेटवर ठेव आणि विसरून जा. दुसऱ्यांच्या कंपन्यांची माहिती सांभाळणं हा तुझा धंदा. बैल गेला नि झोपा केला म्हण, पण झोपा तरी नीट करावा म्हणते.

हे विचारण्यापुरतं जरी उत्तर दिलंस तरी चालेल.

१७ मार्च

प्रिय बटण,

तुझा मेसेज मिळाला. काल प्रयोगशाळेत, दोन्ही हातांत मोजे असताना. मोजे न काढता वाचला, हे माझ्या वरिष्ठ बाईंना कळलं तर माझी खैर नाही.

तीन ओळी होत्या. पहिलीत तू उत्तर दिलंस: तीन प्रती, त्या दोन वेगळ्या प्रकारांवर, आणि त्यातली एक घराबाहेर. दुसरीत इशारा होता, की इंटरनेटवर आपोआप जुळवून घेणारी जागा म्हणजे आरसा आहे, पेटी नव्हे. इथे पुसलं की तिथेही पुसलं जातं, म्हणून जुन्या प्रती राखणारी जागा घे. हे दोन्ही मी वहीत उतरवून घेतलं.

तिसरी ओळ: "खरं सांग, डिस्क पडली होती का?"

पडली होती.

बाबांना आईचं नऊ नंबर ऐकायचं होतं, छत्रीचं. महिन्यातून एकदा ते ऐकतात. मी डिस्क टेबलावर ठेवली आणि वायर खोलीतून आडवी नेली, कारण जवळच्या प्लगचं बटण नादुरुस्त आहे आणि ते मी दोन वर्षं दुरुस्त केलेलं नाही. आई "पुन्हा छत्री विसरलात तर" इथपर्यंत आली होती. बाबा हसत हसत पाणी प्यायला उठले. काठीत वायर अडकली. डिस्क फरशीवर पडली आणि आई वाक्याच्या मध्येच थांबली. बाबांनी मागे वळून विचारलं, "काय पडलं?" मी म्हटलं, "काही नाही, माझा चष्मा."

म्हणून तुला "आपोआप" लिहिलं. त्यांच्या काठीने गेली हे त्यांना कळता कामा नये. तूही फोनवर बोललास तर चष्माच म्हण.

एक खोटं बाहेर काढल्यावर दुसरंही काढायला हवं. हे तुला ठाऊक आहे. तरी लिहिते, कारण मी ते आजवर कधी तोंडाने बोललेले नाही.

आई गेली त्याच्या सहा दिवस आधी तू फोन केला होतास. "निघू का?" विचारलंस. त्याच सकाळी डॉक्टर मला म्हणाले होते, भावाला बोलावून घ्या. पण तिचे रक्ताचे आकडे मी स्वतः काढले होते, आणि आकड्यांवरून मला वाटलं की अजून तीन आठवडे आहेत. मी तुला म्हटलं, "घाई करू नकोस, पुढच्या महिन्यात ये, म्हणजे जरा राहता येईल." आकडे बरोबर होते. फक्त त्यावर किती दिवस ते लिहिलेलं नसतं.

तू आलास तेव्हा ती जाऊन एक दिवस उलटून गेला होता. आणि मी मामांच्या, मावशीच्या देखत तुला म्हटलं, "चार वर्षं ती पाटीवर लिहून बोलत होती, तेव्हा तुला वेळ नव्हता, आज कशाला आलास?" तू माझ्याकडे बघितलंस. मला वाटलं आता सांगतोयस, तूच तर म्हणालीस घाई करू नकोस. तू काहीच बोलला नाहीस. तिसऱ्या दिवशी निघताना फक्त म्हणालास, "ताई, रेकॉर्डिंग्जची एक प्रत मला दे. घराबाहेर एक असावी." मी म्हटलं, "आवाज हवाय, माणूस नको होता." आणि कॉम्प्युटर बंद केला.

तेव्हा दिली असती, तर आज ती असती. गेले पंधरा दिवस मी ही गोष्ट दोन्ही बाजूंनी वाचून बघितली. कशीही वाचली तरी तशीच आहे.

एकतीस मी ऐकलेलं नाही. सात वर्षं हाताशी होतं, तरी ऐकलं नाही. त्यामुळे त्यात काय होतं हेही तुला सांगू शकत नाही. एवढी एकच गोष्ट बरोबर केली आणि तीच नडली.

ताई

२३ मार्च

बटण,

हे पत्र पोचायला आठवडा लागेल, म्हणून आत्ताच मेसेजही टाकला आहे. वाचला असशीलच. कंपासपेटी फेकू नकोस. कोणाला देऊ नकोस. आत काही सापडलं तर कुठेही जोडू नकोस.

आता झालं काय ते सांगते.

आज दुपारी बाबा खिडकीशी बसले होते. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. ते म्हणाले, "साफसफाई बरीच लांबली."

मी म्हटलं, "हो, गर्दी आहे दुकानात."

"डिस्कला साबण लावतात का ग?"

मी घड्या घालत राहिले.

"तुझा चष्मा नाकावरच होता त्या दिवशी," बाबा म्हणाले. "पडला कसा? तीन आठवडे वाट बघतोय, तू कधी सांगतेस. काठी मी धरली होती. अडकलेलं हाताला कळतं."

मग सांगितलं सगळं. मला वाटलं होतं ते खचतील. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "साइटची प्रत कुठे आहे?"

"कसली साइट, बाबा?"

"मूळ गेलं. कबूल. साइटची प्रत?"

तुला त्यांचं ड्रॉइंग ऑफिस आठवतं? शनिवारी आपण डबा द्यायला जायचो. जिन्यातच अमोनियाचा वास यायचा आणि तू नाक धरून, एका दमात वरपर्यंत पळायचास. लांबच लांब तिरकी टेबलं, त्यांवर ओणवे झालेले बारा ट्रेसर, सगळ्यांच्या उजव्या करंगळीला शाई. नकाशा मेणकापडावर गिरवायचा आणि मग त्याच्या निळ्या प्रती काढायच्या. ऑफिसचा एक नियम होता. मूळ कपाटात. एक प्रत साइटवर, बांधकामाच्या जागी. एक प्रत मोठ्या साहेबांच्या घरी, त्यांच्या पलंगाखाली. कारण एका वर्षी छत गळलं होतं, एका पुलाचे सगळे नकाशे भिजून त्यांचा लगदा झाला होता, आणि बाबांसकट बारा जणांनी अकरा महिने ते पुन्हा काढले होते. त्यानंतर साहेबांच्या बायकोने कितीही कटकट केली तरी पलंगाखालचे नकाशे हलले नाहीत.

"आईच्या प्रती मी काढल्या होत्या," बाबा म्हणाले. "ती गेली त्याच महिन्यात. तू कामावर असताना. दोन दिवस लागले."

"तुम्हाला काढता येतात?"

"कंट्रोलचं बटण दाबून धरायचं आणि मग ओढायचं. नाही धरलं तर मूळच सरकतं. धाकट्याने शिकवलं होतं. तुला नाही शिकवलं?"

मला शिकवलं होतंस. मी म्हटलं होतं, मला येतं.

साइटची प्रत म्हणजे एक सीडी. त्यांच्या कपाटात, इस्त्रीच्या शर्टांखाली, निळ्या कागदात गुंडाळलेली. मी ती घेऊन तशीच धावत डिस्कवाल्याकडे गेले. त्याने उजेडात धरली. कडेची चांदी पापुद्र्यासारखी सुटली होती, आणि पलीकडची बोटं दिसत होती. "हिच्यात आता चेहराही दिसणार नाही," म्हणाला.

परत येऊन बाबांना सांगितलं. या वेळी मात्र ते खचले. म्हणाले, "माझी चूक. दर वर्षी उघडून बघायला हवी होती. उघडून वाचली नाही ती प्रत नव्हे, नुसता कागद. हे मी नव्या पोरांना शिकवायचो."

मी विचारलं, "आणि साहेबांच्या घरची?"

त्यांनी पेपर उचलला, पुन्हा ठेवला.

"बाबा, साहेब कोण?"

"माझ्या ओळखीतलं सगळ्यात लांबचं घर ज्याचं, तो."

कंपासपेटी, बटण. आई गेल्यावर सहा महिन्यांनी त्यांनी तुला पार्सलने पाठवली ती. मखमलीचा कप्पा उचलला की खाली लाकूड लागतं. त्या दोघांच्या मध्ये एक पेन ड्राइव्ह आहे.

"मला का नाही सांगितलंत?"

"तू त्याला नाही म्हणालीस. मग मी कसं सांगणार? तुला सांगितलं असतं तर तू माझ्याशीही भांडली असतीस, आणि घरात आपण दोघंच होतो."

"निदान त्याला तरी!"

"चिठ्ठी घातली होती आत. फोनवर विचारलंही, पेटी मिळाली का. तो म्हणाला, मिळाली. मला वाटलं, मिळाली."

सात वर्षं कोणी पेटी उघडणारच नाही, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही. खरं सांगायचं तर माझ्याही आलं नसतं. पण बाबा म्हणतात, तू दर वेळी "मिळाली" एवढंच बोलतोस, वरच्या पट्टीत, लहानपणी दूध प्यायलो म्हणायचास तसं.

उघडली आहेस का?

ताई

५ एप्रिल

प्रिय बटण,

तुझं पत्र आलं. खरंखुरं पत्र, पाकिटातून. अक्षर अजून तसंच आहे, उतारावरून घसरल्यासारखं. बाबांनी भिंग लावून दोनदा वाचलं, मग उलटं करून मागे काही आहे का तेही पाहिलं.

तू लिहिलंस की पेटी कपाटावर होती, पार्सलची चिकटपट्टीसुद्धा तशीच. तुला वाटलं बाबांनी तुला त्यांची हत्यारं पाठवली, म्हणजे वाटणी करून टाकली, तुझा हिस्सा तुला, आता संबंध संपला. आणि वर टोमणा, कारण नववीत तू त्यांचा मोठा कंपास खिळा काढायला वापरून वाकवला होतास. मी हे बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते म्हणाले, "वाकडाच पाठवला होता. सरळ होत नाही तो." मग म्हणाले, "त्याच्याशिवाय कोणाला पाठवणार होतो?"

आणि मग तुझी ती ओळ. मखमलीखाली निळा कागद होता, त्यात ड्राइव्ह, आणि वर ट्रेसरच्या अक्षरात चिठ्ठी: "प्रत ३. साहेबांच्या घरी ठेवणे." तुझ्या मुलीने विचारलं, साहेब कोण, आणि तू म्हणालास, मी असावा. मी हे वाचलं आणि उठून गॅसवर चहा ठेवला. चहा नको असतानाही ठेवला.

तू ड्राइव्ह जोडली नाहीस हे फार बरं केलंस. मी डिस्कवाल्याला जाऊन विचारलं. आता तो मला बघितलं की आधी खुर्ची पुढे करतो.

"सात वर्षं जोडलीच नाही?" म्हणाला.

"नाही."

"उन्हात होती?"

"कपाटावर. लाकडी पेटीत."

"पेटी चांगली. पण या गोष्टी नुसत्या पडून राहिल्या की आतलं हळूहळू विरतं. निम्मं निघतं, निम्मं नाही, असं धरा. आणि ताई, एक लक्षात ठेवा. जोडल्यावर पहिलं काम प्रत. ऐकत बसायचं नाही. पहिली फाईल ऐकून डोळे पुसेपर्यंत गरम होऊन ती बंद पडते. माझ्याकडे अशी दोन माणसं येऊन गेली आहेत."

तू ज्या धंद्यात आहेस त्यात हे तुला माझ्याहून चांगलं ठाऊक. तिथल्या तिथे, तुझ्या ऑफिसात, चांगल्या यंत्रावर एका मिनिटात तू ते करू शकतोस. मी तुला तसं लिहिणारही होते. पण तू शेवटी लिहिलंस, "मी एकटा नाही जोडणार. रेकॉर्ड करताना चौघं होतो." म्हणून तसं लिहीत नाही.

मुलीला आणतोयस का? तिने आजीचा आवाज कधी ऐकलेला नाही. ती आता सहा वर्षांची असेल. तिला मी फक्त बाबांच्या फोनमधल्या एका फोटोत बघितलं आहे, दात पडलेला. त्या फोटोवरून पडलेला दात कोणता, तेही मला पाठ आहे.

ताई

१४ एप्रिल

प्रिय बटण,

हे पत्र तू निघायच्या आधी पोचेल. पोचलं नाही तर आल्यावर इथेच वाच, मी तोंडाने एवढं सांगू शकणार नाही.

तयारी झाली आहे. कॉम्प्युटर डिस्कवाल्याने येऊन आतली धूळ झटकून दिला. दोन नव्या डिस्का आणल्या, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या, तू सांगितल्यास तशा. त्यांच्यावर मी पट्ट्या चिकटवलेल्या नाहीत. बाबा म्हणाले, आधी प्रत, मग तपासणी, मग पट्टी. आमच्या ऑफिसात तारीखसुद्धा तपासल्यावर टाकायचे. ते चिठ्ठ्या लिहिणार आहेत. टाक काढून शाई घालून ठेवली आहे आणि तीन दिवस मधल्या बोटाची कसरत चालू आहे. प्लगचं नादुरुस्त बटणही दुरुस्त करून घेतलं. वायर आता भिंतीकडेने जाते.

एक डिस्क बाबांच्या कपाटात राहील. दुसरी प्रयोगशाळेतल्या माझ्या कपाटात, तिथे आगीची घंटा आहे आणि माझी वरिष्ठ बाई आहे, दोन्हींना घाबरून कोणी जवळ येत नाही. इंटरनेटवर जागा घ्यायची ती तू घेऊन दे, पेटीसारखी, आरशासारखी नको. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बाबा प्रत्येक ठिकाणचं एक-एक रेकॉर्डिंग उघडून ऐकतील आणि वहीत टिक करतील. त्यांनी त्यासाठी वही आखली आहे. त्यांना विचारलं, "पहिलं कोणतं ऐकणार?" म्हणाले, "छत्री. तिचं वाक्य अर्धं राहिलंय."

आणि साहेबांच्या घरची प्रत साहेबांनीच न्यायची. परत जाताना ती तुझ्या पिशवीत असेल. ती मी माझ्या हाताने भरून देणार आहे, कंट्रोलचं बटण दाबून धरून. तू शेजारी उभा राहा आणि मी धरलंय ना ते बघ. हे तेव्हाच करायला हवं होतं, हे लिहून झालं आहे, पुन्हा लिहीत नाही.

काल मी माझं तीस नंबर आठवायचा प्रयत्न केला. एकदाच ऐकलं होतं, ती गेली त्या आठवड्यात. शब्द बरेचसे निसटले. पण मध्ये एके ठिकाणी ती म्हणते, "तुझं नेहमी बरोबर असतं ग. त्यामुळे तुला सांगायला लोक घाबरतात." तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं.

घर तुला लहान वाटेल. जेवणाचं टेबल तेच आहे. तू ज्या खुर्चीवरून पडलास तिचा पाय बाबांनी नंतर बांधला, तिच्यावर तू बसायचं नाहीस, मुलीला बसू दे, तिचं वजन कमी. आईची पाटी भिंतीवर आहे. तिच्यावर शेवटचं लिहिलेलं मी पुसलेलं नाही, फक्त काच लावली. तू विचारण्याआधीच सांगते, काही मोठं नाही. "पंखा कमी कर" असं आहे.

गाडी गुरुवारी अडीचला पोचते. बाबा स्टेशनवर येतो म्हणतात, मी नको म्हटलं, ते येणारच. चारपर्यंत घरी. चहा. मग ड्राइव्ह. चालू झाली तर कोणीही काहीही ऐकायचं नाही, आधी तीन प्रती, प्रत्येकीतलं एकेक उघडून बघायचं, मग बाबांच्या चिठ्ठ्या. मग एक नंबरपासून सगळे मिळून. चालू झाली नाही, तरी तुझं परतीचं तिकीट पुढच्या सोमवारचंच आहे, हे मी बाबांकडून काढून घेतलं आहे.

अठ्ठावीसपर्यंत आपण एकत्र ऐकू. एकतीसला तू एकटा. आतल्या खोलीचं दार नीट लागतं आता. मी, बाबा आणि तुझी मुलगी खाली बाकावर जाऊन बसू. बाबांना जिना उतरायला वेळ लागतो, तेव्हा लगेच सुरू करू नकोस, आम्ही खाली पोचलो की मी हात करीन. तुझं ऐकून झालं, कितीही वेळाने झालं, की खिडकी उघड आणि वरून हाक मार.

ताई